काळीज राखून ठेवलंय

"अहो, तुमचा हा चालण्याचा गट तुम्हाला काळीज कधीपासून द्यायला लागला?"

बायकोचा हा प्रश्न बाहेरच्या खोलीतून आला तेव्हा वेलांटीराव आरशासमोर दाढी करत होते. एक गाल साफ झालेला, दुसऱ्यावर फेस, आणि वस्तरा नेमका हनुवटीच्या खाचेत. शनिवारची सकाळ, साडेसातची वेळ. वस्तरा होता तिथेच थांबला.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका छापखान्यात गेली एकतीस वर्षं ते मुद्रितं तपासत होते, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढत होते. ह्रस्व-दीर्घाच्या एकेका वेलांटीवरून त्यांनी इतक्या माणसांशी वाद घातले होते की छापखान्यात, गल्लीत आणि सासुरवाडीलासुद्धा त्यांना हेच नाव पडलं होतं. चष्मा काढला की त्यांना मोबाइलवरचं अक्षर दिसत नसे, त्यामुळे सकाळी आलेले निरोप बायको मोठ्याने वाचून दाखवी. आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं.

"काय म्हणालीस?" त्यांनी फेसातूनच विचारलं.

"मी कुठे काय म्हणतेय? तुमचा गट म्हणतोय. ऐका." बायको दारात येऊन उभी राहिली. हातात त्यांचा मोबाइल, गळ्यात तिची मापाची टेप. ती घरातच शिवणकाम करायची. "'साहेब, काळीज फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलंय. कालपासून चार जणांनी मागितलं, मी कुणाला हात लावू दिला नाही. लवकर या. उशीर केलात तर दुसऱ्याला देऊन टाकीन, मग रुसू नका.' कोण हो हा गट? आणि तुम्ही रुसता?"

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं? सरळ सांगून टाकायचं. पण तीच तर खरी पंचाईत होती. ते काळीज खरोखरचं काळीज होतं. बोकडाचं. मटणबाजारातल्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात बर्फावर ठेवलेलं, आणि ते राखून ठेवणाऱ्या खाटकीणबाईंचा नंबर वेलांटीरावांनी मोबाइलमध्ये 'चालण्याचा गट' या नावाने लपवला होता.

आठ महिन्यांपूर्वी वेलांटीरावांच्या रक्ताचा अहवाल आला होता. घरची डॉक्टर म्हणजे बायकोची वहिनी. तिने तो अहवाल वाचला, चष्म्यावरून त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना आपलं वय आठवलं, आणि एक यादी लिहून दिली. तेल नाही, लोणी नाही, मटणाचं तर नावही काढायचं नाही. उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर, आणि रोज सकाळी तासभर चालणं. यादी फ्रिजवर चिकटली. आणि बायको म्हणाली, "तुम्ही एकट्याने का म्हणून असलं खायचं? मीही तेच खाईन. समोर चमचमीत दिसलं की माणसाचं मन चळतं."

ती बोलल्याप्रमाणे वागली, हेच वेलांटीरावांचं दुर्दैव. तळलेल्या कलेजीवर जीव टाकणारी ती बाई आठ महिने निमूटपणे कोबी चावत होती. स्वतःचे सैल झालेले कपडे तिने तीनदा आत घेतले होते. दर रविवारी ती नवऱ्याची कंबर मोजायची आणि नवऱ्याची कंबर काही बोटभरही कमी होत नव्हती. बिचारीने नवऱ्यावर कधी संशय घेतला नाही. टेप ताणली गेली असेल म्हणून तिने नवीन टेप आणली.

वेलांटीराव फक्त पाच दिवस टिकले होते. सहाव्या दिवशी शनिवार होता. ते चालायला म्हणून निघाले आणि पाय आपोआप मटणबाजारात गेले. तिथे पाव किलो कलेजी घ्यायची, दोन गल्ल्या पलीकडे सँडविचवाल्याकडे न्यायची, त्याने ती तव्यावर परतून लोणी लावलेल्या पावात घालून द्यायची आणि मागच्या टेबलावर पडद्याआड बसून खायची, असा नेम सुरू झाला तो आजतागायत.

आणि कलेजीचं काळीज कुणी केलं? खुद्द त्यांनीच. दुसऱ्याच शनिवारी त्यांनी खाटकीणबाईंना सुनावलं होतं, "मावशी, कलेजी काय म्हणता? चांगला मराठी शब्द आहे आपल्याकडे. काळीज म्हणावं." मावशींना शिकलेल्या गिऱ्हाइकाचं कौतुक. तेव्हापासून त्या बाकी जगाला कलेजी विकत आणि साहेबांना काळीज देत. आज त्यांनी 'कलेजी राखून ठेवलीय' असं लिहिलं असतं तर निदान भानगड पोटापुरतीच राहिली असती.

"चुकून आला असेल," वेलांटीराव म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा तरी."

"गट चुकतो?"

"मुद्रणदोष असतो कधीकधी."

तेवढ्यात मोबाइल पुन्हा किणकिणला. बायकोने वाचलं आणि तिचा आवाज एक पट्टी खाली आला. "'मागच्या शनिवारी मन भरलं नाही म्हणालात ना? आज मन भरेपर्यंत देते.'"

वेलांटीरावांनी वस्तरा खाली ठेवला. कापून घेण्यात आता अर्थ नव्हता.

"देते," बायको म्हणाली. "देते! म्हणजे बाई आहे. मागच्या शनिवारी मन भरलं नाही. म्हणजे मागच्या शनिवारीही—" आणि ती मोबाइल धरून खुर्चीत बसली.

"अगं, ऐक तरी—"

तिसरा निरोप आला. तो 'छापखाना, मशीन विभाग' या नावाने होता. अर्थात तो सँडविचवाला. "'साहेब, मागचं टेबल अडवून ठेवलंय,'" बायको वाचू लागली, आणि एकेका शब्दागणिक तिचे डोळे मोठे होत गेले. "'पडदाही धुऊन लावलाय. बाईंचा निरोप आलाय की आज तुम्हाला जास्त वेळ लागेल.' अगंबाई! छापखान्यातसुद्धा माहितीय? पडदा धुतात तुमच्यासाठी?"

अर्धा गाल फेसाने माखलेला माणूस कितीही खरं बोलला तरी कुणाचा विश्वास बसत नाही. तरी वेलांटीरावांनी ठरवलं की आता सांगायचंच. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, बायकोसमोर येऊन उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला. "हे बघ, खरी गोष्ट अशी आहे—"

बायकोने मान वर केली. डोळे भरून आले होते. "काही सांगू नका. मला एकच समाधान आहे. बाकी काय वाटेल ते केलं असेल तुम्ही, पण ताटाच्या बाबतीत मला फसवलं नाहीत. आठ महिने माझ्यासमोर बसून मुकाट्याने कोबी खाल्लात. तेवढं तरी आपल्यात खरं होतं."

वेलांटीरावांनी घेतलेला श्वास तसाच आत राहिला. आता कुठल्या तोंडाने सांगणार? बाईच्या आरोपातून सुटायचं तर कलेजी कबूल करायला हवी, आणि कलेजी कबूल करायची तर या भरलेल्या डोळ्यांत जे काही शेवटचं उरलं होतं तेही पुसून टाकायचं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या त्या माणसाला स्वतःची चूक कुठल्या खुणेने दुरुस्त करावी ते सुचेना. ते गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं बायकोने कबुलीजबाब म्हणून घेतलं.

तिने फोन लावला आणि पंधरा मिनिटांत तिचा मोठा भाऊ हजर झाला. हा बसगाड्यांवर तिकीट तपासनीस. जगातला प्रत्येक माणूस विनातिकीट प्रवास करतोय असं गृहीत धरूनच तो बोलायला सुरुवात करी. त्याने खुर्ची ओढली आणि वेलांटीरावांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"बोला जावईबापू. कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"कितीदा?"

"दर शनिवारी."

"म्हणजे पासच काढलाय की!" तपासनिसाने कपाळाला हात लावला. "वय काय तिचं?"

"असेल पासष्ट."

"पासष्ट?" भाऊ-बहीण एकदमच ओरडले. बायकोला जास्त धक्का कशाने बसला, बाईने की पासष्टने, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

"नवरा आहे?"

"वारला. त्याचाच गाळा चालवते."

"आणि तिच्यात एवढं बघितलंत तरी काय?"

वेलांटीरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हात फार चालतो तिचा," ते म्हणाले.

तपासनिसाने खुर्ची थोडी मागे घेतली. "बरं. तिला हाक कशी मारता? लाडाने काही?"

"मावशी म्हणतो."

"शिव शिव शिव!" तपासनीस उठूनच उभा राहिला. "मावशी म्हणता आणि वर— अहो, लाज? बायो, मी तेवीस वर्षं बसमध्ये माणसं बघतोय, पण असला नग बघितला नाही."

बायकोने डोळे पुसले. टेप गळ्यातून काढून घडी करून ठेवली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दहा मिनिटांनी तिचे सगळ्यात चांगले कपडे घालून बाहेर आली. ते कमरेला इतके सैल झाले होते की तिने दोन पिना लावल्या होत्या. "चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"मला बघायचीय ती. आठ महिने मी इथे वाळत चाललेय आणि पासष्ट वर्षांची कुणीतरी तुम्हाला मन भरेपर्यंत देतेय. मला एकदा बघू तरी द्या."

"अगं, तिथे नको. तिथे फार ओलं असतं."

"ओलं?" तपासनीस किंचाळला. त्याने मोबाइल काढला, जाता जाता आपल्या बायकोला, म्हणजे डॉक्टरवहिनींना फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अगं, वेलांटीरावांनी बाई ठेवलीय! हो, हो, आपले वेलांटीराव! आम्ही तिच्याकडेच चाललोय!" तीन खिडक्या उघडल्या. वेलांटीराव खाली मान घालून चालू लागले.

मटणबाजाराच्या फाटकाशी बायको थबकली. "इथे? इथे राहते ती?"

"इथे बसते," वेलांटीराव म्हणाले.

आत शनिवारची गर्दी होती. फरशी नुकतीच धुतलेली, दोन्ही बाजूंना गाळे, आकड्यांना टांगलेला माल, लाकडी ओंडक्यांवर सत्तूर पडत असल्याचा धपधप आवाज. आठ महिने बायकोने इकडे पाऊल टाकलं नव्हतं आणि मनात भलतंच घेऊन आलेल्या माणसाला इथलं बोलणं काही वेगळंच ऐकू येतं. एक गृहस्थ ओरडत होते, "माझे पाय साफ झाले का?" पलीकडून उत्तर आलं, "तुमचे पाय कधीच पिशवीत घातलेत, काका!" एक म्हातारी गाळ्यावर रेलून सांगत होती, "ह्यांची मान जरा बारीक तोड रे बाबा. मागच्या वेळी मोठी ठेवलीस." आणि एक चष्मेवाला मुलगा हिरमुसून विचारत होता, "मेंदू एकही नाही शिल्लक?" बायकोने भावाचा दंड घट्ट धरला.

कोपऱ्यावरच्या गाळ्यात मावशी बसल्या होत्या. भरदार अंग, रबरी एप्रन, दोरीने बांधलेला चष्मा, आणि मनगटं अशी की वेलांटीरावांची दोन मनगटं मिळून त्यांचं एक झालं असतं. साहेब दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "आलात बाई एकदाचे! किती वाट बघायची माणसाने? सकाळपासून नुसती राखण करतेय."

बायको पुढे झाली. आवाज थरथरत होता, पण शब्द नीट होते. "ह्यांच्यासाठी तुम्ही काळीज राखून ठेवलंय म्हणे."

"ठेवलंय की. तुम्ही कोण?"

"मी ह्यांची बायको."

"अगोबाई! या, या वहिनी. मग तुम्हीच बघून घ्या, कसं आहे ते." असं म्हणून मावशी खाली वाकल्या, बर्फात हात घातला आणि लालबुंद, लुसलुशीत, चांगलं किलोभर वजनाचं काळीज बायकोच्या समोर ओंडक्यावर थप्पकन आपटलं. "बघा. असं दुसऱ्या कुठल्या गाळ्यावर मिळालं तर धंदा बंद करीन. पातळ कापू, की जाड?"

बायको त्या काळजाकडे बघत राहिली. तपासनीस आधी काळजाकडे, मग मावशींकडे, मग पुन्हा काळजाकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडून हवा सुटल्यासारखा आवाज आला. "हात्तिच्या! कलेजी! बायो, कलेजी आहे गं! बाई नाही, कलेजी!" आणि तो असा हसत सुटला की मागच्या म्हातारीने 'काय मिळालं ह्याला?' म्हणून वाकून बघितलं.

वेलांटीरावांनाही हसू फुटणार होतं. सुटलो, असं त्यांना अर्धा क्षण वाटलं. पण बायको हसत नव्हती.

"मावशी," तिने विचारलं, "किती दिवस नेतायत हे?"

"आठ महिने झाले की. पाऊस नाही, थंडी नाही, एक शनिवार चुकवला नाही साहेबांनी. पहिल्या दिवशी तर इतके भुकेजलेले होते, मला वाटलं आजारातून उठलेत."

"पहिल्या शनिवारी," बायको नवऱ्याकडे वळली, "मला चक्कर आली होती. आठवतं? आठवडाभर नुसता कोबी. तुम्ही मला पाणी आणून दिलंत आणि म्हणालात, धीर धर, दोघं मिळून निभावून नेऊ. तुम्ही तेव्हा इथूनच आला होतात?"

"हो," वेलांटीराव म्हणाले. आता खोटं बोलण्याचं त्राणच उरलं नव्हतं.

"बाई असती तर एक वेळ मी समजून घेतलं असतं!" बायको एवढ्या मोठ्याने ओरडली की तीन गाळ्यांवरचे सत्तूर थांबले. "बाई असती तर म्हटलं असतं, वय आहे, फिरलं डोकं! पण कलेजी? माझ्या पाठीमागे कलेजी? मला काय कोबी आवडतो? टेप बदलली हो मी तुमच्यासाठी! दुकानदाराशी भांडले, की तुमच्या टेपा खोट्या आहेत!"

बाजारातली सगळी गिऱ्हाइकं वेलांटीरावांकडे बघत होती, आणि ती नजर काही भली नव्हती. चष्मेवाला मुलगासुद्धा मेंदू विसरला. मावशींनी चष्मा काढून एप्रनला पुसला. "साहेब," त्या दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं घरी नेऊन वहिनींना खाऊ घालता."

"पाव किलो नको," बायको मावशींना म्हणाली. "सगळं द्या. पातळ कापा. आणि तो पडदा कुठे आहे ते कोण दाखवणार?"

सँडविचवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, त्यामागे मोठा लोखंडी तवा, चार टेबलं आणि अगदी मागे धुतलेला निळा पडदा. साहेबांबरोबर आणखी दोघं बघून सँडविचवाला जरा बावरला, पण त्याचे प्रश्न ठरलेले होते आणि ते विचारल्याशिवाय तो तव्याला हात लावत नसे.

"पाव पांढरा की तपकिरी?"

"पांढरा," बायको म्हणाली.

"मऊ की कडक?"

"कडक. कडा करपवू नका."

"कांदा कच्चा की परतून?"

"परतून. आणि कलेजी आधी नाही, कांदा लाल झाल्यावर टाकायची. मिरी शेवटी."

"लोणी आत की बाहेर?"

बायकोने क्षणभर डोळे मिटले. "दोन्हीकडे," ती म्हणाली.

ती पडद्याआडच्या खुर्चीवर बसली, नवऱ्याच्या खुर्चीवर. पहिलं सँडविच आलं. तिने दोन्ही हातांनी उचललं, घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वेलांटीराव शेजारी उभे. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. तपासनीस पडद्याच्या काठाशी उभा राहून आवंढे गिळत होता, कारण डॉक्टरवहिनी त्याचीच बायको, आणि जी यादी वेलांटीरावांच्या फ्रिजवर होती तिचीच दुसरी प्रत त्याच्याही फ्रिजवर होती. शेवटी न राहवून तो म्हणाला, "बायो, मी जरा तपासून बघू का? म्हणजे, कसं आहे ते." आणि उत्तराची वाट न बघता त्याने दुसरं सँडविच उचललं.

"मी चुकलो," वेलांटीराव म्हणाले. "तुझ्यासमोर कोबी खाताना दर वेळी लाज वाटायची. खरंच वाटायची."

"खाल्लंत त्याचं नाही हो," बायको म्हणाली. हुंदका आणि घास यांची तिच्या घशात गर्दी झाली होती. "एकट्याने खाल्लंत. पडदा लावून. एकदा तरी म्हणायचं होतं, चल गं, आज जाऊ. मी आले असते हो. मी धावत आले असते."

वेलांटीराव खाली बघत उभे राहिले. बायकोने उरलेल्या सँडविचकडे बघितलं, त्यातून चार घासांएवढा तुकडा तोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "एवढंच. तुमचं रक्त खराब आहे. बाकीचं मी खाणार. आणि बसा आता, उभे काय राहिलात."

नेमका त्याच वेळी तपासनिसाचा मोबाइल वाजला. नाव बघून त्याचा घास अडकला. डॉक्टरवहिनी. त्याने भरल्या तोंडाने ऐकून घेतलं, 'हूं, हूं' केलं आणि पांढराफटक पडून फोन ठेवला. "दवाखाना बंद करून निघालीय. तुमच्या घरी येऊन बसतेय. विचारतेय, बाई सापडली का? काय सांगू? कलेजी सांगितली तर माझाही वास घेईल ती!"

"खरं सांगून टाका," वेलांटीराव म्हणाले. गमावण्यासारखं आपल्याकडे काही उरलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

बायकोने बोटं पुसली. शांतपणे. "दादा, बाई आहे असंच सांग."

"अगं!" वेलांटीराव खुर्चीतून उडालेच. "माझी अब्रू!"

"अब्रूला कोलेस्टेरॉल नसतं. कलेजी म्हटलं की वहिनी आपल्या तिघांना घरात डांबून ठेवील. बाई म्हटलं तर काय, मी माफ करीन आणि विषय मिटेल. आठ महिने तुम्ही मला फसवलंत, तेवढी बदनामी सोसा आता."

वेलांटीरावांनी मेव्हण्याकडे आशेने बघितलं. मेव्हणा तिसरं सँडविच उचलत होता. "योग्य शिक्षा आहे," तो म्हणाला.

घरी डॉक्टरवहिनी दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या होत्या. गळ्यातला स्टेथोस्कोप काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. तिघं खाली मान घालून आत आले, बडीशेप चघळत.

"सापडली?" वहिनींनी विचारलं.

"सापडली," तपासनीस म्हणाला. "आहे बाई."

वहिनींनी नणंदेला जवळ घेतलं. "वन्सं, तुम्ही काय सोसलंत हो! आणि चेहरा बघा, तरी किती शांत. उलट तजेला आलाय." मग त्या वेलांटीरावांकडे वळल्या. "भावोजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सोन्यासारखी बायको. तुमच्यासाठी आठ महिने कोबी खाल्ला तिने. आणि तुम्ही बाहेर तोंड मारत फिरता?"

वेलांटीरावांनी 'तोंड मारत' हे शब्द ऐकले. मुद्रितशोधक म्हणून बघितलं तर त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. शब्दशः खरं होतं ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाईच्या नावाने का होईना, वहिनींनी त्यांच्यावर खरा आरोप केला होता आणि त्यांनी तो मनापासून कबूल केला.

"चुकलो, वहिनी," ते म्हणाले. "तोंड मारलं. दर शनिवारी मारलं. पण आता शपथ घेतो. तिच्याकडे पुन्हा कधी एकटा जाणार नाही."

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. "एकटा जाणार नाही? म्हणजे काय?"

"मीही जाणार आहे ना बरोबर," बायको म्हणाली. एवढा वेळ ती पश्चात्ताप ऐकण्यात इतकी रमली होती की बोलण्याच्या भरात बोलून गेली.

वहिनींचा हात स्टेथोस्कोपवर गेला. त्या आपल्या नवऱ्याकडे वळल्या. या घरात निदान एक तरी माणूस शुद्धीवर असेल, अशी त्यांची अपेक्षा असावी.

तपासनिसाने बडीशेप गिळली. "आणि मीपण," तो म्हणाला. "मावशींनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, पुढच्या शनिवारी तिघांना पुरेल एवढं देते म्हणून."

डॉक्टरवहिनी मागचं पुढचं न बघता खाली बसल्या. खुर्ची तिथे नव्हती. "पाणी," फरशीवरून त्यांचा बारीक आवाज आला, "कुणीतरी मला पाणी द्या."